सहा सिलिंडरची जुनी लँड रोव्हर घ्यायची आहे?

आज पेन्शन नाही, मॉर्गेज नाही, व्हिसाही नाही. आज गाडी. तीही अशी, जिला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि पाऊस लागला की जिच्या दाराच्या फटीतून पाणी नेमकं गुडघ्यावर ठिबकतं.

रेडिंगजवळ राहणाऱ्या एका जोडप्याचा प्रश्न आला होता. १९७३ सालची लांब लँड रोव्हर स्टेशन वॅगन विकायला आहे, सिरीज थ्री, इंजिन २.६ लिटर सहा सिलिंडर. विकणारा म्हणतो, ‘असं इंजिन आता बघायला मिळत नाही.’ भाऊंना गाडी हवी आहे. वहिनींनी तेच पैसे स्वयंपाकघर नव्याने करण्यासाठी बाजूला ठेवले होते. घरात दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक चौदा. प्रश्न सरळ होता: इंजिन दुर्मिळ आहे म्हणून गाडी घ्यावी, की दुर्मिळ आहे म्हणूनच घेऊ नये?

मी काही मेकॅनिक नाही. माझ्याकडे स्वतःची १९६९ची, चार सिलिंडरची लँड रोव्हर बारा वर्षं आहे, तेवढाच माझा अधिकार. पण पोटापाण्याचा धंदा आयटी सल्लागाराचा, आणि त्यात निम्मं आयुष्य जुन्या प्रणाली सांभाळण्यात गेलं. बँकेत एखादी चाळीस वर्षं जुनी प्रणाली असते. ती चालू असते तोवर कोणाला तिची आठवण नसते. बंद पडली की कळतं, ती लिहिणारा माणूस निवृत्त होऊन कॉर्नवॉलला गेला आहे आणि फोन उचलत नाही. जुन्या गाडीतलं वेगळं इंजिन अगदी तसंच असतं. विकत घेताना तुम्ही लोखंड घेत नाही, ते लोखंड समजणाऱ्या माणसांवरचं अवलंबित्व घेता. ती माणसं किती उरलीत आणि कुठे आहेत, हे आधी बघायचं.

आता थोडा इतिहास, लवकर उरकतो. पहिली लँड रोव्हर १९४८ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात दिसली. रोव्हरच्या मॉरिस विल्क्स यांच्याकडे शेतीच्या कामाला युद्धातली एक विलीज जीप होती, तिच्यावरून ही कल्पना सुचली. पोलाद मिळत नव्हतं म्हणून अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आला. १९५८ला सिरीज टू, १९६१ला टू-ए, १९७१ला थ्री, आणि १९८५ला हे पर्व संपलं. या काळातलं नेहमीचं इंजिन म्हणजे २२८६ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल किंवा डिझेल. रस्त्यावर दहा सिरीज गाड्या दिसल्या तर बहुतेकींत हेच असतं, किंवा त्याच्या जागी नंतर कोणीतरी बसवलेलं दुसरं काहीतरी.

१९६७ पासून १०९ इंची लांब गाडीला २६२५ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनही मिळू लागलं. ते लँड रोव्हरसाठी जन्मलेलं नव्हतं. रोव्हरच्या पी-फोर या गुळगुळीत, डॉक्टर-वकिलांच्या मोटारीतून ते आलं. म्हणून ते चालतं छान, आवाज मऊ, थरथर कमी. पण शक्ती साधारण ८५ हॉर्सपॉवर, म्हणजे चार सिलिंडरच्या ७० ते ७७ पेक्षा फार काही नाही, आणि पेट्रोल मात्र बकाबका पितं. त्यात १९७३ च्या शेवटी तेलसंकट आलं. शेतकऱ्यांनी हिशेब केला आणि पुढच्या काही वर्षांत अनेकांनी हे इंजिन काढून चार सिलिंडरचं किंवा डिझेल टाकलं. १९७९ मध्ये व्ही-एट आली आणि सहा सिलिंडरचा विषय संपला. आज ते दुर्मिळ आहे ते मुळात कमी बनलं म्हणून, आणि लोकांनी काढून टाकलं म्हणूनही. विकणारा पहिलं कारण सांगतो, दुसरं गिळतो.

आता इंजिनाच्या पोटात डोकावू, कारण खरी गंमत आणि खरा खर्च तिथे आहे.

नेहमीच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह दोन्ही वर, हेडमध्ये असतात. बिघाड झाला तर हेड उघडायचं, डिकीत टाकायचं, मशीन शॉपला द्यायचं. रोव्हरच्या या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, पण धुराचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, इंजिनाच्या कुशीत. युद्धानंतर पेट्रोल हलक्या दर्जाचं होतं, त्या काळात ही रचना हुशारीची होती. वरच्या व्हॉल्व्हला मोठं तोंड देता येई, इंजिन चांगला श्वास घेई.

आणि मंडळी, ही रचना आपल्याला परकी नाही. महिंद्राने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली ती १९४७ च्या सुमारास, आणि पुढे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-थ्री-बी जीपमध्ये विलीजचं हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन होतं. त्यातही आत घेणारे व्हॉल्व्ह वर आणि धुराचे ब्लॉकमध्ये. वर व्हॉल्व्ह आल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून त्या जीपचं बॉनेट तसं उंच. जिल्हा परिषदेची, पाटबंधारे खात्याची, फौजदाराची जी उंच नाकाची जीप तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, ती हीच.

या रचनेचं दुखणं असं आहे. धुराचे व्हॉल्व्ह कायम प्रचंड उष्णतेत काम करतात. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर वंगणासारखा पातळ थर धरायचं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं. त्यानंतर ज्यांनी काळजी घेतली नाही, त्यांच्या बैठका हळूहळू झिजत गेल्या. बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत बसतो. तो आत बसला की टॅपेटमधली फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, ज्वाळा त्या बारीकशा फटीतून निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळते. ही सगळी साखळी वेळीच टॅपेटची फट मोजली तर तुटते. पण या इंजिनात धुराचे टॅपेट कुशीतल्या झाकणामागे आहेत. हात घालायला अवघड, म्हणून लोक वरचे सहा टॅपेट हौसेने नीट करतात आणि खालच्या सहांना वर्षानुवर्षं हात लावत नाहीत.

आणि व्हॉल्व्ह जळून बैठकही खराब झालेली असेल, तर हेड काढून भागत नाही. काम ब्लॉकवर करावं लागतं, म्हणजे बहुधा इंजिनच बाहेर. शिवाय हे काम समजणारा मशीनवाला शोधावा लागतो.

आम्ही तिघं एका शनिवारी ती गाडी बघायला गेलो. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावायचा, कोमट लागलं तर का ते विचारायचं. आमचं थंड होतं. सहा स्पार्क प्लग मोजले. हसू नका, जाहिरातीत सहा आणि आत चार असं मी पाहिलं आहे. सुरू झालं, निळा धूर नाही, तेलाचा दाब ठीक. पण संथ चालताना आवाजात एक अडखळ होती, घड्याळाच्या टिकटिकीत एक टोला चुकावा तशी.

भाऊंनी गावी व्हिडिओ कॉल लावला. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात जीपचे ड्रायव्हर होते, आता सांगलीजवळ असतात. आबांनी मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, “सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धर.” धरला. निरोगी इंजिन कागद सारखा बाहेर ढकलतं. आमचा कागद अधूनमधून आत ओढला जाऊन पाइपाला चिकटत होता. आबा म्हणाले, “एक एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसत नाही रे. आधी टॅपेट बघायला सांग, लगेच इंजिन उतरवायला लावू नको.” वाफाळता चहा समोर ठेवून, सहा हजार किलोमीटरहून जास्त अंतरावरून.

सोबत आलेल्या फिरत्या मेकॅनिकने मग कॉम्प्रेशन मोजलं. ही चाचणी विकणारा करू देत नसेल, तर नमस्कार करून परत फिरा. पाच सिलिंडर ११० ते १२० पीएसआयमध्ये, एक मात्र ७५. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ऑइलने आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. नाही वाढला.

गाडी चॅसीवर मात्र उत्तम निघाली. इथे एक गोष्ट सांगतो, कारण लोक इंजिनाच्या मोहात ही विसरतात: अंग अ‍ॅल्युमिनियमचं असलं तरी हाडं पोलादाची आहेत आणि ती आतून बाहेर गंजतात. पुढच्या-मागच्या पाट्यांचे आधार, मागचा आडवा तुळईसारखा भाग, आणि इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत, जिला इथे बल्कहेड म्हणतात, या जागी हातोडीने हलकेच ठोकून बघा. टणटण आवाज हवा, भदभद नको. नुकताच जाड काळा रंग फासलेला असेल तर दुप्पट ठोका. सहा सिलिंडरच्या चॅसीवर इंजिनाचे आधार वेगळे असतात, त्यामुळे नवी गॅल्व्हनाइज्ड चॅसी मागवायची वेळ आली तर ‘१०९ इंची’ एवढंच सांगून चालत नाही.

घरी येताना वहिनींनी गाडीत एकच प्रश्न विचारला. “हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? नाव सांगा.” भाऊ लँड रोव्हरच्या क्लबांची नावं सांगू लागले. क्लब चांगले आहेत, पण तिथेही चार सिलिंडरवालेच जास्त. या इंजिनाची जाणकार माणसं दुसऱ्याच खोलीत बसली आहेत: रोव्हर पी-फोर या जुन्या मोटारीच्या मालकांत. पी-फोर १०० आणि ११० मध्ये याच २६२५ सीसी इंजिनाची भावंडं आहेत. सगळे भाग जसेच्या तसे बसत नाहीत, पण व्हॉल्व्ह, टॅपेट, बैठका यांचं ज्ञान तेच. त्यांची संघटना आहे, पी-फोर ड्रायव्हर्स गिल्ड नावाची. वहिनींनी स्वतः चौकशा केल्या आणि तीन दिवसांत दोन नावं काढली: एक मशीनवाला, एक निवृत्त फिटर. दोघांचीही वयं सत्तरीपुढची. ते आकडेही हिशेबात धरा.

इथे बरेच जण सोपा मार्ग सुचवतील: सहा सिलिंडर काढा, डिस्कव्हरीतलं २००-टीडीआय डिझेल टाका, लिटरला दुप्पट चालेल. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, कागदपत्रं. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ असतो, एमओटीही सक्तीची नसते. एमओटीची ही सूट गाडीत गेल्या तीस वर्षांत मोठा बदल केला असेल तर जाऊ शकते, आणि सिलिंडरची संख्या बदलली तर तो बदल मोठा ठरण्याची शक्यता वाढते, असं सरकारी मार्गदर्शनात म्हटलं आहे. इंजिन बदललं की इंजिन नंबर, सीसी आणि इंधन डीव्हीएलएला कळवावंच लागतं. दोन, माझं मत: सहा सिलिंडर काढूनच टाकायचं असेल, तर सहा सिलिंडरची गाडी घेऊच नका. ज्या गाडीतलं मूळ इंजिन कोणीतरी आधीच काढलं आहे, ती घ्या. वाचलेल्या थोड्यांतलं आणखी एक मोडीत काढायला आपण कशाला जायचं?

कागदांचंच बोलतोय तर, घरबसल्या करायची कामं. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका, फुकट आहे. तिथे सीसी दिसतो: २६२५ असेल तर कागदावर तरी सहा सिलिंडर, २२८६ असेल तर प्रश्न विचारा. जुन्या एमओटींची नोंदही दिसते, दर वर्षी किती मैल झाले तेही. सहा वर्षांत चाळीस मैल चाललेली गाडी ‘जपून ठेवलेली’ नसते, पडून असते. आणि वॉरिकशायरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्यांवरून ते हेरिटेज प्रमाणपत्र देतात. गाडी कधी बनली आणि तिच्यात मुळात कोणत्या नंबरचं इंजिन होतं, ते त्यात कळतं. ‘मूळ इंजिन आहे’ या वाक्याला किंमत मोजणार असाल, तर हा कागद मागा.

एमओटी नको म्हणून आनंदून जाऊ नका. गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची कायदेशीर जबाबदारी तुमचीच राहते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, वजन दीड टनाच्या पुढे, मागे आपली मुलं. मी माझी गाडी दर वर्षी स्वखुशीने एमओटीला नेतो, तुम्हीही न्या.

आता खर्च. मी एमबीए केलं तेव्हा ‘मालकीचा एकूण खर्च’ हा धडा होता, आमच्या आजीच्या भाषेत ‘हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड’. हे इंजिन गॅलनला १२ ते १५ मैल देतं. १४ धरू, म्हणजे लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरपासून पंपावरचं साधं पेट्रोल ई-टेन आहे, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे भाग त्याने खराब होऊ शकतात, म्हणून महागडं सुपर ई-फाइव्हच घालायचं. ते लिटरला दीड पौंड धरलं तर मैलाला जवळपास ४९ पेन्स. रेडिंगहून लेक डिस्ट्रिक्टला जाऊन-येऊन साडेपाचशे मैल, म्हणजे अडीचशे पौंडांच्या वर, तेही ताशी ५० मैलांच्या वर जायला गाडी नाखूश असताना. दुसऱ्या बाजूला, ऐतिहासिक टॅक्स वर्गात नोंद असेल तर लंडनच्या युलेझचे दिवसाचे साडेबारा पौंड लागत नाहीत. साउथॉलला भाजी आणायला ५० वर्षं जुनी गाडी फुकट आणि शेजाऱ्याचं १२ वर्षांचं डिझेल पैसे भरून. सरकारी तर्कशास्त्रावर मी बोलत नाही.

विमा ठरलेल्या रकमेचा घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार ते आधीच लिहिलेलं असतं. मैलांची मर्यादा खरी सांगा.

वहिनींनी भाव कसा केला तेही सांगतो, कारण ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. त्यांनी दोन आकडे काढले: टॅपेटने भागलं तर काय, आणि इंजिन उतरवावं लागलं तर काय. मागितलेल्या किमतीतून दुसरा, वाईटातला आकडा वजा करून तीच ऑफर ठेवली, कॉम्प्रेशनच्या आकड्यांसकट. विकणारा म्हणाला, दुर्मिळ गाडी आहे. वहिनी म्हणाल्या, ‘दुर्मिळ आहे म्हणूनच तर दुरुस्ती महाग आहे.’ दहा दिवसांनी त्याचा फोन आला आणि मधल्या आकड्यावर सौदा झाला. स्वयंपाकघराची फरशी आणि ओटा या वर्षी होणार, कपाटं पुढच्या वर्षी. निवृत्त फिटरने कुशीतलं झाकण उघडलं तेव्हा पाचव्या सिलिंडरच्या टॅपेटला फटच उरली नव्हती. ती नीट करून सध्या आकडा ९५ वर आला आहे. व्हॉल्व्हची कड थोडी जळली असणार. हा हंगाम जपून चालवायचं, दर हजार मैलांनी फट मोजायची, आणि इंजिन उतरवायचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे असं ठरलं आहे. चौदा वर्षांच्या मुलीने फीलर गेज धरायला शिकून घेतलं आहे.

शेवटी त्यांचाच एक उपप्रश्न, जो मुलं असलेल्या प्रत्येकाने विचारायला हवा: मागे मुलं कुठे बसवायची? मागच्या बाजूला भिंतीला टेकलेले समोरासमोरचे बाक मुलांना फार आवडतात. पण आडव्या बाकावर चाइल्ड सीट लावायला कायद्याने मनाई आहे. ज्या गाडीला पट्टेच नाहीत, तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलाला नेताच येत नाही. तीनच्या वरची मुलं, गाडी मुळातच पट्ट्यांविना बनलेली असेल तर, फक्त मागे बसू शकतात. कायदा एवढंच सांगतो. मी पुढे जाऊन सांगेन की मधल्या, पुढे तोंड असलेल्या बाकाला चॅसीपर्यंत आधार असलेले पट्टे जाणकाराकडून बसवून घ्या, धाकट्याची बूस्टर सीट तिथेच लावा, आणि तोवर मुलांना नेहमीच्या गाडीतून न्या. रेडिंगच्या गाडीला ते पट्टे या महिनाअखेर बसतील.

नियम बदलत असतात, तेव्हा पैसे देण्याआधी सरकारी पानं स्वतः एकदा वाचून घ्या. पुढच्या वेळी गावाकडचं घर भाड्याने दिलं तर इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये ते कसं दाखवायचं, यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.